लोहमार्गाच्या सोबतीने सुरक्षित पायवाट

लोहमार्ग एखाद्या गावाजवळून गेला की थोड्याच दिवसांत त्याच्या कडेने पायवाट पडते. ती कोणी आखलेली नसते, तिची नोंद कोणत्याही नकाशात नसते. पण ती गावातील प्रत्येकाला ठाऊक असते. कारण उघड आहे. लोहमार्गाचा भराव सपाट असतो, पावसाळ्यात तेथे चिखल होत नाही, नाल्या-ओढ्यांवर मोऱ्या व पूल आयतेच बांधलेले असतात आणि ही वाट सरळ स्थानकाच्या बाजारपेठेत जाऊन पोहोचते. दूधवाला, भाजी घेऊन निघालेली बाई, शाळेची मुले, सकाळी फिरायला निघालेला निवृत्त शिक्षक हे सारे याच वाटेने जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा अपप्रवेश होय. १९८९च्या रेल्वे अधिनियमातील कलम १४७ अन्वये त्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा आहे, फलक आहेत, अधूनमधून कारवाईही होते. तरीही पायवाट बुजत नाही आणि तिच्यावरचे अपघातही थांबत नाहीत.

ही वाट केवळ निषिद्ध न ठरवता, योग्य अंतरावर, योग्य आडोसा देऊन आणि रेल्वेच्या संमतीने तिला रीतसर रूप देता येईल काय? अमेरिकेत गेली काही दशके या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कामातून शोधले जात आहे. चालू लोहमार्गाला समांतर असे पादचारी, सायकलस्वार, धावणारे व चाकाच्या खुर्चीतून फिरणारे अपंग नागरिक या सर्वांसाठी खुले असलेले पथ तेथे बांधण्यात आले आहेत. त्या अनुभवाची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन निराळ्या कल्पना

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. अमेरिकेत लोहमार्गांचे जाळे १९१६च्या सुमारास सर्वाधिक विस्ताराला पोहोचले. त्यानंतर मोटार वाहतूक वाढत गेली आणि अनेक फाटे बंद पडले. अशा बंद मार्गांवरील रूळ काढून त्या जागी सायकलचे व पायी फिरण्याचे रस्ते करण्याची प्रथा तेथे १९६०च्या दशकात रुजली. विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५१ किलोमीटरांचा, तीन बोगद्यांतून जाणारा पथ हे तिचे आरंभीचे व प्रसिद्ध उदाहरण आहे. पुढे १९८३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार बंद पडू घातलेला मार्ग भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवून तोपर्यंत त्याचा पथ म्हणून उपयोग करण्याची तरतूद करण्यात आली.

आपला विषय याहून वेगळा आहे. येथे रूळ काढलेले नसतात आणि गाड्या धावत असतात. पथ त्यांच्या शेजारून जातो. अमेरिकेच्या परिवहन विभागाने २००२मध्ये अशा पथांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी ३० राज्यांत मिळून असे ६५ पथ होते व त्यांची एकूण लांबी ३८५ किलोमीटर भरली. या विषयात काम करणाऱ्या एका राष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने २०१३मध्ये केलेल्या पाहणीत ही संख्या ४१ राज्यांत १६१ झाल्याचे आढळले. त्यानंतरही ती वाढत राहिली आणि संघीय रेल्वे प्रशासनाने २०२१मध्ये नव्या अनुभवांच्या आधारे सुधारित मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

निषेधापेक्षा पर्याय

या कल्पनेचा गाभा थोडक्यात सांगता येईल. लोक रुळांवरून चालतात ते बहुधा धोक्याच्या हौसेने नव्हे. त्यांना जेथे जायचे असते तेथे जाण्याची दुसरी सोयीची वाट नसते, हे त्याचे मुख्य कारण असते. अशी वाट रुळांपासून दूर, पण त्याच दिशेने उपलब्ध झाली, तर बहुतेक लोक आपण होऊन तिचा अवलंब करतात. २००२च्या अभ्यासाचा निष्कर्षही याच स्वरूपाचा आहे. नीट आखलेल्या पथामुळे रेल्वेच्या कामात बाधा येत नाही, उलट अपप्रवेश व कचरा टाकण्याचे प्रकार अनेक ठिकाणी कमी होतात. परंतु चुकीच्या पद्धतीने आखलेला पथ रेल्वे व नागरिक या दोघांनाही घातक ठरतो, असेही त्या अभ्यासाने तितक्याच स्पष्टपणे बजावले आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य तेथेही कमी नाही. अमेरिकेत गेल्या दोन दशकांत रेल्वेच्या हद्दीत अनधिकाराने शिरलेल्या चारशेहून अधिक व्यक्ती दरवर्षी मृत्युमुखी पडल्या आहेत. याउलट, २०१३च्या उपरोक्त पाहणीत रुळांशेजारच्या अधिकृत पथावरील व्यक्तीच्या मृत्यूची एकच घटना नमूद झाली. ही पाहणी पथांचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेची आहे आणि पथांची एकूण लांबी लोहमार्गांच्या मानाने फारच थोडी आहे, हे लक्षात घेऊनच या आकड्याकडे पाहिले पाहिजे. तरीही पथ बांधला म्हणजे अपघात वाढतीलच, ही भीती अनुभवाने खरी ठरलेली नाही, इतके त्यावरून निश्चित म्हणता येते.

रचनेची चार सूत्रे

अशा पथाची आखणी करताना चार गोष्टींचा विचार अपरिहार्य ठरतो.

पहिली गोष्ट अंतराची. हे अंतर रुळाच्या कडेपासून न मोजता, जवळच्या रुळजोडीच्या मध्यरेषेपासून पथाच्या कडेपर्यंत मोजतात. डबे रुळांच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीन फूट बाहेर आलेले असतात. शिवाय मालगाडीवरील साखळी किंवा सुटलेले सामान त्याहूनही बाहेर लोंबकळू शकते. वेगाने जाणाऱ्या गाडीबरोबर वाऱ्याचा झोत व धूळ येते ती वेगळीच. २००२च्या अभ्यासात पाहिलेल्या पथांमध्ये हे अंतर कोठे सुमारे दोन मीटर, तर कोठे तीस मीटर होते. सरासरी दहा मीटरांच्या जवळपास होती. सर्व ठिकाणी एकच अंतर लागू करता येत नाही. गाड्यांचा वेग व संख्या, वळणे आणि जमिनीचा उंचसखलपणा यांवर ते ठरवावे लागते. दिवसातून एखादी संथ मालगाडी जाणारा फाटा आणि जलद प्रवासी गाड्यांचा दुहेरी मार्ग यांना एकच माप लावणे योग्य होणार नाही. खुद्द पथाची रुंदी साधारणतः दहा फूट धरतात, म्हणजे दोन्ही दिशांनी येणाऱ्या सायकली व पादचारी एकमेकांना अडथळा न होता जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट आडोशाची. पाहिलेल्या पथांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक ठिकाणी कुंपण किंवा अन्य अडथळा होता. आडोसा म्हणजे दर वेळी उंच भिंतच हवी असे नाही. खोल चर, काटेरी झुडपांची दाट रांग, किंवा पथ व रूळ यांच्या पातळीतील फरक यांनीही तोच हेतू साधतो. किंबहुना, पातळीचा फरक हा सर्वांत भरवशाचा आडोसा होय. कारण त्याला भगदाड पाडता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओलांडण्याच्या जागांची. समांतर चालणाऱ्या माणसाला धोका थोडा. खरा धोका तो रूळ ओलांडतो तेव्हा असतो. पंचावन्न मैल वेगाने धावणाऱ्या शंभर डब्यांच्या मालगाडीला थांबण्यासाठी एक मैलाहून अधिक अंतर लागते. समोर माणूस दिसल्यावर चालक गाडी थांबवू शकेल, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. यास्तव पथ आखताना लोक कोठून कोठे जातात हे आधी पाहून, नेमक्या त्या जागी फाटक, भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल द्यावा लागतो. शाळा रुळांच्या एका अंगाला व वस्ती दुसऱ्या अंगाला असताना केवळ कुंपण घातले, तर त्याला भगदाड पडणारच.

चौथी गोष्ट रेल्वेच्या दैनंदिन कामाची. रुळांखालची खडी कोरडी राहिली पाहिजे. त्यामुळे पथावरचे पाणी रुळांकडे वाहून जाता कामा नये. गँगमनना अवजारे व साहित्य घेऊन रुळांपर्यंत पोहोचता आले पाहिजे. पुढे कधी दुसरी किंवा तिसरी मार्गिका टाकावी लागली तर तिच्यासाठी जागा उरली पाहिजे. या बाबी आराखड्यातच सोडविल्या नाहीत, तर रेल्वेची संमती मिळत नाही, आणि मिळू नयेच.

काही बोलकी उदाहरणे

बोस्टन शहराच्या नैर्ऋत्य भागात एकेकाळी मोठा द्रुतगती मार्ग नेण्याची योजना होती. त्यासाठी घरे पाडण्यासही आरंभ झाला होता. नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर १९७०च्या दशकात ती योजना रद्द झाली आणि त्याच पट्ट्यात शहरी व लांब पल्ल्याच्या रेल्वेचे मार्ग खोल चरातून नेण्यात आले. त्यांच्या कडेने व काही भागांत त्यांच्यावरील छतावर सात किलोमीटरांहून अधिक लांबीचे उद्यान व पथ तयार झाले. १९८७मध्ये हा प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. गाड्या खाली आणि माणसे वर, असे पातळीच्या फरकाचे हे उत्तम उदाहरण आहे.

मेरीलँड राज्यातील कम्बरलँडपासून पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गपर्यंत सुमारे २४० किलोमीटरांचा एक दीर्घ पथ २०१३मध्ये पूर्ण झाला. त्याचा बराच भाग बंद पडलेल्या लोहमार्गावरून जातो. परंतु कम्बरलँड ते फ्रॉस्टबर्ग या चढणीच्या टप्प्यात पर्यटकांची रेल्वेगाडी अद्याप धावते. पूर्वी दोन मार्गिकांसाठी केलेल्या भरावाच्या एका बाजूवर रूळ आणि दुसऱ्या बाजूवर पथ अशी तेथे वाटणी आहे. वाटेतील सुमारे ९१४ फूट लांबीच्या बोगद्यातूनही दोघे शेजारी-शेजारी जातात. गाडी बोगद्यात असताना इतरांनी आत शिरू नये, असा तेथे दंडक आहे.

नद्यांवरील पुलांबाबतही असेच प्रयोग झाले आहेत. पोर्टलंड येथील १९१२ सालच्या पोलादी पुलाच्या खालच्या मजल्यावरून मालगाड्या जातात. त्याच मजल्याच्या कडेला २००१मध्ये पादचारी व सायकलींसाठी मार्गिका जोडण्यात आली. मेम्फिस येथे मिसिसिपी नदीवरील १९१६ सालच्या हॅराहन पुलावर रुळांच्या बाजूला घोडागाड्या व मोटारींसाठी केलेले जुने रस्ते होते. ते १९४९नंतर वापरात नव्हते. त्यांपैकी एका बाजूचे पुनरुज्जीवन करून २०१६मध्ये तेथे सुमारे दीड किलोमीटर लांबीचा पथ खुला करण्यात आला. त्याच पुलावरून आजही मालगाड्या धावतात.

मात्र धोक्याची जाणीव करून देणारे उदाहरणही सांगितले पाहिजे. हार्पर्स फेरी येथे पोटोमॅक नदीवरील रेल्वे पुलाला लागून एक पादचारी मार्गिका आहे. डिसेंबर २०१९मध्ये पहाटेपूर्वी एक मालगाडी पुलावरच घसरली, काही वाघिणी नदीत कोसळल्या आणि मार्गिकेची मोठी हानी झाली. सुदैवाने त्या वेळी तेथे कोणी नव्हते व प्राणहानी टळली. दुरुस्ती होऊन मार्गिका खुली व्हायला जुलै २०२० उजाडला. पथ कितीही चांगला बांधला तरी रेल्वेच्या इतक्या निकट असण्यात काही धोका उरतोच. तो किती पत्करावा याचा विचार आधी व्हावयास हवा, हा या घटनेचा बोध आहे.

रेल्वेची बाजू

अशा पथांना रेल्वे कंपन्यांचा विरोध असतो, आणि तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. पथावरचा एखादा मुलगा कुंपण ओलांडून रुळांवर गेला आणि त्याला अपघात झाला, तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. अमेरिकेतील अनेक मोठ्या मालवाहू कंपन्या आपल्या हद्दीत समांतर पथ न होऊ देण्याचेच धोरण ठेवतात. जेथे संमती मिळाली तेथे ती लेखी कराराने मिळाली आहे. जमिनीची मालकी कोणाची, देखभाल कोणी करायची, विमा कोणी उतरवायचा, नुकसानभरपाईचा भार कोणी उचलायचा, रेल्वेला जागा लागल्यास पथ कोणाच्या खर्चाने हलवायचा, या सर्व गोष्टी करारात नमूद केल्या जातात. बहुधा नगरपालिका, परगणा किंवा राज्याचे उद्यान खाते ही जबाबदारी स्वीकारते. जबाबदारी घेणारी सार्वजनिक संस्था पुढे आल्यावाचून केवळ उत्साहाच्या बळावर असा पथ होत नाही.

आपल्याकडील स्थिती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. लोहमार्गाच्या सहवासाचा सर्वांत जुना वारसा आपल्या राज्याला आहे, आणि त्याची किंमतही आपण मोठी मोजली आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२मध्ये सादर केलेल्या अहवालात देशभरात रूळ ओलांडताना किंवा रुळांवर दरवर्षी सुमारे १५,००० माणसे दगावतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी क्षेत्रातील असतात, असे नमूद केले होते. त्यानंतरच्या काळात पादचारी पूल, सरकते जिने, संरक्षक भिंती यांची कामे झाली. तरीही जेथे पर्याय दूर आहे तेथे भिंतीला भगदाड पडते, हा अनुभव आपणांसही नवा नाही.

सहलीच्या निमित्तानेही हाच प्रश्न उभा राहतो. गोव्यातील दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून चालत जाणाऱ्या तरुणांची गर्दी पावसाळ्यात इतकी वाढली, की जुलै २०२३मध्ये रेल्वे प्रशासनाला त्यांना अडवावे लागले व रुळांवरून न चालण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. याउलट माथेरानला दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत मिनी ट्रेनच्या रुळांच्या सोबतीने चालणे हा पर्यटकांच्या परिचयाचा अनुभव आहे. १९०७मध्ये सुरू झालेली दोन फुटी रुळांची ही गाडी अत्यंत संथ चालते, म्हणूनच तेथे हे शक्य होते. तोच सहजपणा मुख्य मार्गावर दाखविणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण होय.

अमेरिकेची रचना जशीच्या तशी येथे उचलता येणार नाही. तेथील बहुतेक मालवाहू मार्गांवर विजेच्या तारा नाहीत; आपल्याकडे मात्र रुळांवर २५,००० व्होल्ट दाबाच्या तारा आहेत. त्यांच्याजवळ लोखंडी कुंपण घालायचे तर ते जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडण्याची काळजी घ्यावी लागते. आपल्याकडील गाड्यांची दाटी अधिक आहे, आणि शहरांलगत रुळांच्या कडेची जागा मोकळी नाही. रेल्वे हा विषय राज्यघटनेप्रमाणे केंद्राच्या अखत्यारीत आहे. त्यामुळे रेल्वेच्या हद्दीत ग्रामपंचायतीला स्वतःहून एक फूटही रस्ता करता येणार नाही.

ग्रामपंचायत व शाळा काय करू शकतात?

मग या अनुभवाचा आपल्याला उपयोग कोणता? पहिला उपयोग पाहण्याच्या दृष्टीचा. गावातील कोणती माणसे, कोणत्या वेळी, कोणत्या कामासाठी रुळांवरून जातात याची साधी नोंद ग्रामपंचायतीने आठवडाभर ठेवली, तर अनेक गोष्टी स्पष्ट होतील. पन्नास मुले रोज एकाच जागी रूळ ओलांडत असतील, तर तेथे भुयारी मार्गाची किंवा पादचारी पुलाची गरज आहे, हे निराळे सिद्ध करावे लागणार नाही. ग्रामसभेच्या ठरावाबरोबर अशी नोंद व जागेचा नकाशा जोडून तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांकडे पाठविल्यास, नुसत्या तक्रार अर्जापेक्षा त्याला अधिक वजन येईल.

दुसरे असे की, समांतर वाट रेल्वेच्या जमिनीवरच हवी असे मुळीच नाही. रेल्वेच्या हद्दीच्या खांबांपलीकडे पाणंद, शिवरस्ता, कालव्याकडेचा रस्ता किंवा गावठाणाची जागा असते. तेथे मुरूम टाकून, मोरी बांधून, दिव्याची सोय करून वाट पावसाळ्यातही चालण्याजोगी केली, तर रुळांवरची वर्दळ निम्म्याने जरी कमी झाली तरी श्रम सार्थकी लागतील. रुळांवरून माणसे का जातात याचे उत्तर अनेकदा बाजूच्या पाणंदीतील गुडघाभर चिखलात सापडते.

तिसरे काम शाळांचे. डबा रुळाबाहेर किती आलेला असतो, गाडी थांबायला किती अंतर लागते, एक गाडी गेल्यावर दुसऱ्या मार्गिकेवरून लगेच दुसरी कशी येऊ शकते, विजेवरच्या गाडीचा आवाज उशिरा का ऐकू येतो, या गोष्टी शिक्षकांनी मैदानावर चुन्याच्या रेघा मारून दाखविल्या, तर मुलांच्या मनावर त्या कायमच्या ठसतील. कानाला यंत्र लावून चालणाऱ्या मोठ्या मुलांना तर हा धडा अत्यावश्यक आहे.

पायवाट ही लोकांची गरज सांगणारी रेषा असते. ती पुसून टाकण्याचा प्रयत्न आपण दीर्घकाळ केला आणि तिच्यावर हजारो माणसे गमावली. ती वाचून, तिची दिशा कायम ठेवून तिला रुळांपासून दहा पावले दूर नेणे हे अधिक शहाणपणाचे आहे. त्या दहा पावलांसाठी रेल्वेची संमती, स्थानिक संस्थेची जबाबदारी आणि नागरिकांची शिस्त या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. ज्या गावाशेजारून लोहमार्ग जातो त्या प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत निदान एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा, की आपली मुले शाळेत कोणत्या वाटेने जातात?